वंशावळ प्रकल्पाच्या नोंदी : आखूड अंगठा, कानातला मळ आणि कोरी चिन्हं

७ जुलै

एखादा गुणधर्म घराण्यात पिढ्यानपिढ्या कसा उतरतो याचा तक्ता काढायचा, या विषयाला मॅडमनी होकार दिला, पण अटी घालून. गुणधर्म निरुपद्रवी हवा, डोळ्यांनी किंवा साध्या चाचणीने कळणारा हवा, आणि कुठल्याही घरात जाऊन ‘तुमच्यात अमुक आजार आहे का’ असं विचारायची वेळ येता कामा नये.

पाठ्यपुस्तकातली नेहमीची यादी घेऊन बसलो. जीभ वळवणं, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, बोटांत बोटं गुंफताना कुठला अंगठा वर, गालावरची खळी. जवळजवळ सगळं खोडलं. जीभ वळवण्याची गोष्ट तर मजेशीर आहे. १९४० साली स्टर्टेव्हंट यांनी हा साधा प्रभावी (एकाच पालकाकडून जनुक आलं तरी दिसणारा) गुणधर्म असल्याचं मांडलं. हे कुणी साधेसुधे नव्हेत. जनुकांचा पहिला नकाशा १९१३ मध्ये यांनीच काढला होता. पुढे १९५२ मध्ये मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर ७ जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, निकाल वेगळा. स्टर्टेव्हंट यांनी स्वतः नंतर हे मान्य केलं, पण पुस्तकं काही ऐकत नाहीत. कानाच्या पाळीचंही तसंच: २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी जोडलेल्या जनुकीय जागा ४९ निघाल्या. अशा गुणधर्मावर वंशावळीचे चौकोन-गोल रंगवत बसण्यात अर्थ नाही.

उरले तीन: कानातला मळ ओला की कोरडा, लाल-हिरव्या रंगांचा रंगांधळेपणा, आणि अंगठ्याचं वरचं पेर आखूड-रुंद असणं (ब्रॅकिडॅक्टिली, प्रकार ‘डी’).

१० जुलै

चिन्हांची पद्धत ठरवली. पुरुष चौकोन, स्त्री गोल, गुणधर्म असेल तर आत रंग, वाहक (जनुक आहे, पण गुणधर्म दिसत नाही) असेल तर मधे ठिपका, मृत असेल तर तिरपी रेघ, नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. पिढ्यांना रोमन आकडे, माणसांना साधे. जनुकीय समुपदेशकांच्या अमेरिकेतल्या संघटनेने १९९५ मध्ये ही चिन्हं प्रमाणित केली. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीने काढायचा, आणि जुने तक्ते वाचताना ते जाणवतं.

एक नियम आम्ही आमचा घातला. कोरं चिन्ह फक्त त्यालाच, ज्याला आम्ही स्वतः तपासलं आणि गुणधर्म सापडला नाही. बाकी सगळ्यांच्या चिन्हात प्रश्नचिन्ह. मैत्रीण म्हणाली, मग अर्धा तक्ता प्रश्नचिन्हांचाच होईल. होऊ दे.

नावं कुठेच लिहायची नाहीत. कुटुंबं क, ख, ग. नावांची यादी वेगळ्या वहीत, वही मॅडमच्या कपाटात.

१९ जुलै

कुटुंब क, पहिली भेट. प्रोबँड, म्हणजे ज्याच्यापासून तक्ता सुरू होतो तो, आमच्या वर्गातला मुलगा आहे. त्याचे दोन्ही अंगठे आखूड. त्याच्या वडिलांचेही. माहिती मात्र आजींकडून, म्हणजे वडिलांच्या आईकडून.

मुलाखत घेताना एक सवय लावून घ्यावी लागते. कुणी ‘भाऊ’ म्हटलं की लगेच विचारायचं: सख्खा, चुलत, मामे, आते की मावस? लोक बोलताना सगळ्या भावंडांना एकाच ओळीत बसवतात, तक्त्यावर मात्र त्यांच्या रेघा वेगवेगळ्या जोडप्यांतून खाली येतात. तान्हेपणी गेलेली मुलं तर तीन-तीनदा विचारल्याशिवाय सांगितली जात नाहीत.

आजी ठामपणे म्हणाल्या, “आमच्या माहेरी कुणालाच नाही.” मी म्हटलं, “आजी, तुमचा हात बघू?” “अगं, त्यात काय बघायचं?” असं म्हणत त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले. अंगठे सरळ, नखं लांबट. व्हर्निअर कॅलिपरने मोजलं: नखाची लांबी रुंदीपेक्षा चांगली जास्त. कोरा गोल, तपासलेला.

तेवढ्यात त्यांची धाकटी बहीण चहाचे कप उचलायला आली. तिने कप डाव्या हातात धरला होता आणि कपाच्या कानावरून बाहेर आलेला अंगठा आम्हा दोघींनाही एकदमच दिसला. वरचं पेर जेमतेम अर्धं, नख आडवं पसरलेलं. उजवा अंगठा अगदी नेहमीसारखा. आजी बहिणीकडे बघत राहिल्या. “हिचा लहानपणी दारात सापडला होता,” त्या म्हणाल्या. बहीण म्हणाली, “काही नाही हं, जन्मापासून आहे.”

या प्रकारात एकाच हाताला खूण असणं नवीन नाही. पण इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या बहिणीच्या अंगठ्याबद्दल ही स्थिती, तर चार गावं पलीकडच्या चुलत्याबद्दल ‘त्याला नाही’ हे विधान किती धरायचं? लोक असलेलं लक्षात ठेवतात. नसलेलं कुणी पाहिलेलंच नसतं.

२० जुलै

दहा वर्षांखालच्या मुलांना सरसकट प्रश्नचिन्ह. या अंगठ्यात पेराच्या हाडाची वाढीची चकती वेळेआधी मिटते म्हणून पेर आखूड राहतं. फार लहान वयात हा फरक उठून दिसेलच असं नाही.

२७ जुलै

वाचन. माणसातला प्रभावी गुणधर्म वंशावळीवरून पहिल्यांदा दाखवला तो बोटांवरूनच: विल्यम फॅराबी, हार्वर्डचा प्रबंध, १९०३; छापून आला १९०५ मध्ये. पेनसिल्व्हेनियातलं एक कुटुंब, ज्यात बोटांची मधली पेरं खुंटलेली होती. त्या प्रकाराला आता ‘ए-१’ म्हणतात आणि २००१ मध्ये त्यामागचं आयएचएच हे जनुक सापडलं. फॅराबींच्या तक्त्यात पिढी चुकत नाही, आणि ज्यांना खूण नाही त्यांच्या मुलाबाळांतही ती नाही. म्हणजे तिथले कोरे खरोखर कोरे. आमचा अंगठा इतका सरळ वागणार नाही, हे आजींच्या घरीच कळलं.

इंग्रज वैद्य गॅरॉड यांचं १९०२ चं काम याच्या उलट टोकाचं. अल्कॅप्टोन्युरिया या दुर्मीळ आजारात लघवी हवेत राहिली की काळी पडते. रोगी मुलांचे आईवडील निरोगी, पण बऱ्याच जोडप्यांचं आपसात सख्ख्या चुलत-मामे भावंडांचं नातं. जनुकशास्त्रज्ञ बेटसन यांनी गॅरॉडना सुचवलं की मेंडेलचा अप्रभावी (दोन्ही पालकांकडून जनुक आलं तरच दिसणारा) गुणधर्म असाच दिसेल. दोन कोऱ्या चिन्हांखाली एक रंगवलेलं, आणि वरची दोन्ही कोरी मधल्या एकाच पूर्वजाकडे जाऊन मिळतात. सख्ख्या चुलत भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा एकाच मूळ स्रोतातून आलेला असतो. दुर्मीळ प्रत एकाच घरात दोनदा येण्याची वाट तिथून जाते.

५ ऑगस्ट

कुटुंब ख, रंगांधळेपणा. इशिहारा पट्ट्यांचं (रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे) छापील पुस्तक वापरलं, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात. मोबाइलच्या पडद्यावर रंग कसे दिसतील याचा भरवसा नाही, म्हणून ॲप बाद.

एका मामांना ७४ च्या जागी भलताच आकडा दिसला आणि त्यांना ते मुळीच नवीन नव्हतं. “शाळेत गवत तपकिरी रंगवायचो, मार खायचो.” त्यांची मुलगी तपासणीत व्यवस्थित. पण तिच्या गोलात ठिपका चाचणीशिवायच पडतो: वडिलांकडे एकच एक्स गुणसूत्र असतं आणि ते प्रत्येक मुलीला मिळतंच. मामांच्या मुलाचा मात्र या धाग्याशी संबंधच नाही. त्याला वडिलांकडून वाय मिळालं.

व्हिक्टोरिया राणीच्या घराण्याचा हिमोफिलियाचा (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा) तक्ता याच नियमावर चालतो. तिचा मुलगा लिओपोल्ड (१८५३–१८८४) स्वतः रोगी, त्याची मुलगी ॲलिस निरोगी पण खात्रीची वाहक, आणि तिचा मुलगा पुन्हा रोगी. रशियाचा युवराज अलेक्सेई याला नेमका कोणता हिमोफिलिया होता, हे सांगाड्यांच्या डीएनएवरून २००९ मध्ये ठरलं: ‘बी’ प्रकारचा. शंभर वर्षं लोक कागदावरच्या रेघांवरून जे म्हणत होते, त्यातला वंशक्रम बरोबर होता. प्रकार मात्र कागद सांगू शकत नव्हता.

मामांच्या बहिणीचं गणित मैत्रिणीने केलं. त्यांच्या आईची दृष्टी ठीक, भाऊ रंगांधळा, म्हणून आई वाहक आणि बहीण वाहक असण्याची शक्यता १/२. आता बहिणीला दोन मुलगे, दोघेही तपासून ठीक. ती वाहक असती तर दोघेही सुटण्याची शक्यता १/४. नसती तर पूर्ण १. तोलून पाहिलं की तिचा आकडा १/२ वरून १/५ वर येतो. एकच मुलगा असता तर १/३, तीन असते तर १/९. दोन कोरे चौकोन काढायला दोन मिनिटं लागली होती, आणि त्यांनीच हा आकडा निम्म्याहून खाली आणला.

१४ ऑगस्ट

मॅडमनी एक प्रश्न टाकला आणि आख्खी दुपार त्यात गेली. आईवडील दोघेही वाहक असतील तर चौथा हिस्सा मुलांत अप्रभावी गुणधर्म दिसायला हवा. मग प्रत्यक्ष घरं गोळा करून मोजलं की हिस्सा नेहमी जास्त का भरतो?

कागदावर १६ जोडपी घेतली. सगळी वाहक, प्रत्येकाला दोन मुलं. सरासरीने ९ घरांत एकाही मुलात गुणधर्म नाही, ६ घरांत एकात, १ घरात दोघांत. एकूण ३२ मुलांत ८, बरोबर चौथा हिस्सा. पण ती ९ घरं आपल्याकडे येणारच नाहीत! त्यांना वाहक म्हणून ओळखायला काही खूणच नाही. आपल्याला दिसतात ७ घरं, १४ मुलं, त्यात ८ रंगवलेली. निम्म्याहूनही जास्त. हाच आकडा कुणी भाबडेपणाने वाचला तर ‘हा प्रभावी गुणधर्म असावा’ असं बिनदिक्कत लिहून मोकळा होईल.

जर्मन वैद्य वाइनबर्ग यांनी १९१२ मध्येच यावर उपाय सुचवला: ज्याच्यामुळे घर सापडलं त्याला मोजणीतून वगळायचं आणि फक्त त्याच्या भावंडांत हिस्सा काढायचा. वरच्या घरांवर करून पाहिलं. ज्या ६ घरांत एकच आहे तिथे उरलेलं भावंड कोरं. दोघं असलेलं घर दोनदा मोजलं जातं, कारण ते दोघांपैकी कुणाहीमुळे सापडलं असतं. भावंडं ८, रंगवलेली २. परत चौथा हिस्सा. मला हे फार आवडलं.

२४ ऑगस्ट

कुटुंब ग, कानातला मळ. हसू येतं, पण अभ्यासाला हा यादीतला सगळ्यात स्वच्छ गुणधर्म. ओला प्रभावी, कोरडा अप्रभावी. १६ व्या गुणसूत्रावरच्या एबीसीसी-११ जनुकात एका अक्षराचा फरक, २००६ मध्ये सापडलेला. पूर्व आशियात कोरडा मळ बहुसंख्य, आफ्रिका-युरोपात ओला.

एका जोडप्याचे दोघांचेही मळ कोरडे, धाकट्या मुलीचा ओला. नियमाप्रमाणे असं होता कामा नये. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे. अशा वेळी डोक्यात जो पहिला अर्थ येतो तो घराच्या बैठकीत उच्चारायचा नसतो. मुलगी दत्तक असू शकते, वडील वेगळे असू शकतात. यातलं काहीही विचारायचा आम्हाला अधिकार नाही, आणि संमतीपत्रात आम्ही ते विचारणार नाही असं लिहिलेलं आहे. मुलीच्या आईला एवढंच विचारलं, कानाचा काही त्रास? तर कानात औषधाचे थेंब चालू होते. औषध बंद झाल्यावर पुन्हा बघायचं ठरलं. तोवर प्रश्नचिन्ह.

नियम मोडणारं घर दिसलं की नियमाच्या बाजूचीही तपासणी करावी, याचं उत्तम उदाहरण रक्तगटात आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ गट दाखवला. नेहमीच्या चाचणीत ही माणसं ‘ओ’ दिसतात, पण त्यांच्याकडे ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक असू शकतं, ज्या ‘एच’ पायावर ते उभं राहतं तो पायाच नसतो. अशा आईच्या किंवा वडिलांच्या पोटी ‘ए’ गटाचं मूल आलं की पुस्तकी तक्ता अशक्य म्हणतो, आणि शंका भलत्याच माणसावर जाते.

६ सप्टेंबर

ग कुटुंबातल्या मुलीचा मळ: कोरडा. प्रश्नचिन्ह खोडलं.

१८ सप्टेंबर

केसाळ कानांची हकीकत मॅडमनी वाचायला लावली. कानाच्या कडेवर दाट केस, फक्त पुरुषांत, बापाकडून मुलाकडे. गेल्या शतकात वाय गुणसूत्रावरचा गुणधर्म म्हणून हा कित्येक पुस्तकांत होता आणि वंशावळीही तशाच दिसत होत्या. २००४ मध्ये दक्षिण भारतातल्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली, तर केसाळ कानवाल्यांची आणि बाकीच्यांची गुणसूत्रं वेगळी निघाली नाहीत.

तक्ता फसवा का होता? बायकांचे गोल कोरे राहतात कारण हे केस मुळात पुरुषांतच उगवतात. तरुण मुलगे कोरे, कारण केस उतारवयात येतात. मधे एखादा मुलगा सुटला की ‘अजून येतील’ म्हणायला मोकळे. प्रत्येक कोऱ्या चिन्हासाठी सबब तयार असली की कुठलाही सिद्धांत कुठल्याही घराला बसतो.

२ ऑक्टोबर

आज अंगठा सोडून इतिहास. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डॅव्हनपोर्ट यांनी १९१० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला वंशसुधारणेचं नोंदणी कार्यालय काढलं. ते १९३९ पर्यंत चाललं. हजारो कुटुंबांचे तक्ते तिथे जमा झाले. १९१९ मध्ये डॅव्हनपोर्टनी नौदल अधिकाऱ्यांची घराणी अभ्यासली आणि ‘समुद्राची ओढ’ हा लिंगसंलग्न (एक्स गुणसूत्रावरचा) अप्रभावी गुणधर्म असावा असं मांडलं, कारण तो पुरुषांतच दिसतो. बायकांना नौदलात अधिकारी म्हणून घेतच नव्हते. तक्त्यातले सगळे गोल नोकरीच्या नियमांनी कोरे ठेवले होते!

हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्याच विचारातून कायदे झाले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मतिमंद’ ठरवलेल्या कॅरी बक हिची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. पुरावा काय, तर तीन पिढ्या: आई, कॅरी, आणि कॅरीची सात महिन्यांची मुलगी. त्या तान्ह्या मुलीचा गोल कुणीतरी एका नजरेत रंगवला. ती पुढे शाळेत गेली आणि गुणवंतांच्या यादीत आली. तेव्हा निकाल लागून गेला होता, नसबंदीही झाली होती.

आमच्या प्रश्नावलीत कुणीतरी ‘स्वभाव’ असा रकाना सुचवला होता. तो काढून टाकला.

९ ऑक्टोबर

हंटिंग्टन रोगावरचं (मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक रोग) टिपण. नॅन्सी वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या प्रचंड कुटुंबाचा तक्ता वर्षानुवर्षं वाढवत नेला. १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरची खूण आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडलं. हा रोग बहुधा मध्यमवयात दिसू लागतो, म्हणजे विशीतला कोरा चौकोन हा फक्त आजचा कोरा. चाचणी आल्यावरही धोक्यातल्या बहुतेक माणसांनी ती करून घेतली नाही. आमच्या संमतीपत्रात ‘निकाल कळवावा / कळवू नये’ असे दोन चौकोन आहेत. अंगठ्यासाठी ते जरा अतीच वाटतात, पण राहू देत.

१६ ऑक्टोबर

परत कुटुंब क. प्रोबँड आणि त्याचे वडील दोघांनाही गुणधर्म, आई तपासून कोरी. बापाकडून मुलाकडे गेलेल्या या एका पावलाने या घरापुरता एक्स गुणसूत्राचा पर्याय निकालात निघाला, मायटोकाँड्रियाचाही (त्यातली जनुकं आईकडूनच येतात). राहिला साधा प्रभावी गुणधर्म, मात्र प्रत्येकात न उमटणारा.

आजींच्या बहिणीने एक जुना फोटो काढून दिला. त्यांचे वडील खुर्चीत बसलेत, उजवा हात खुर्चीच्या हातावर, अंगठा कॅमेऱ्याच्या बाजूला. भिंगातून पाहिलं तर नख आडवं, तर्जनीच्या नखाच्या जवळजवळ दीडपट रुंद. रंगवला, शेजारी ‘फक्त फोटोवरून’ असं लिहिलं. (कागदावरचे अंगठ्याचे ठसे वापरायची कल्पनाही पुढे आली होती. बाद केली, दाब किती दिला यावर ठशाची रुंदी बदलते.)

म्हणजे वडिलांना आहे, बहिणीला आहे, मुलाला आहे, नातवाला आहे. मधल्या आजी कोऱ्या. मी सरळ त्यांच्या गोलात ठिपका टाकणार होते, मैत्रिणीने हात धरला. आजोबांचं काय? आजींचे पती हयात नाहीत, त्यांच्या चौकोनात प्रश्नचिन्ह आहे. हा अंगठा इतका दुर्मीळ नाही की बाहेरून घरात येऊच शकत नाही. मुलाला तो आजोबांकडून आला असेल तर आजींचा गोल खरोखर कोरा.

गणित मांडलं, गृहीतं धरून. समजा जनुक असलेल्या शंभरातल्या ऐंशी जणांत खूण उमटते, आणि लोकसंख्येत पन्नासात एकाकडे हे जनुक आहे. आजींच्या वडिलांना गुणधर्म, म्हणून सुरुवात १/२; आजींमध्ये तो उमटला नाही हे धरलं की १/६. आजोबांबद्दल काहीच माहीत नाही, म्हणून १/५०. दोघांकडूनही मुलाकडे जाण्याची आणि उमटण्याची शक्यता सारखीच, ती दोन्ही बाजूंनी कटते. उरलं १/६ विरुद्ध १/५०: साधारण आठास एक, आजींच्या बाजूने. ठिपका टाकण्यापुरतं हे पुरेसं नाही असं मैत्रिणीचं मत. मला वाटतं पेन्सिलीने टाकावा. पेन्सिलीने टाकला.

२८ ऑक्टोबर

अंतिम तक्ते छापायला देण्याआधीची शिल्लक कामं:

ख कुटुंबातले आणखी दोन मुलगे शहराबाहेर आहेत, त्यांना पट्ट्या दाखवायच्या राहिल्या. तोवर प्रश्नचिन्ह.

क कुटुंबाला तक्त्याची प्रत हवी आहे. मॅडमचं म्हणणं, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या फांदीपुरतीच द्यावी, नातेवाइकांच्या खुणा त्यांच्या परवानगीशिवाय नकोत. आजींनी मात्र बहिणीचा गोल रंगवलेला आहे का, हे आधीच विचारून घेतलंय. बहिणीने परवानगी दिली.

आजोबांचे जे फोटो घरी आहेत, त्यात हात खिशात तरी आहेत नाहीतर पाठीमागे. आजींचे दीर म्हणतात त्यांच्याकडे लग्नातला मोठा फोटो आहे, पुढच्या आठवड्यात पाठवतील. त्यात अंगठे सरळ दिसले तर आजोबांचा आकडा १/५० वरून साधारण १/२५० वर उतरतो आणि आजींच्या बाजूने चाळीसास एकच्या आसपास होतं. मग ठिपका शाईने. रुंद दिसले तर पेन्सिलीचा ठिपका खोडायचा आणि आजोबांचा चौकोन रंगवायचा. छपाई तोवर थांबवली आहे.